नुसता रस

आमच्या गावात हल्ली बर्गमोटबद्दल एक शब्द वाकडा बोलायची सोय नाही. बोललं की लोक असे बघतात, जसं काही मी आमच्या ग्रामसंताच्या, सान लेओच्या मूर्तीवर थुंकले. बघू देत. माझं नाव साव्हेरिया, आणि मूग गिळून बसायची सवय मला आईने लावली नाही.

अहो, याच लिंबाच्या जातीच्या फळाला काल-परवापर्यंत कोण विचारत होतं? साल तेवढी कामाची. साल दाबून तेल काढायचं, ते अत्तरवाल्यांकडे जायचं, आणि आतला कडूजहर गर शेळ्यांपुढे. शेळ्यासुद्धा आधी वास घेऊन तोंड फिरवायच्या. मग कुठल्याशा शहाण्या लोकांनी सांगितलं की या रसाने रक्तातली चरबी उतरते, धमन्या मोकळ्या होतात. झालं! रसाच्या बाटल्या, अर्काच्या कुप्या, अर्काच्या गोळ्या, आणि प्रत्येक डब्यावर आमच्या डोंगराचं चित्र. चाळीस वर्षं हे फळ तोडून माझ्या बोटांना भेगा पडल्या, आणि डब्यावर एक गोरी पोरगी हसतेय.

यात सगळ्यांत पुढे कोण, तर माझा थोरला दीर, लेओ. बागायतदारांच्या संघाचा अध्यक्ष. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता म्हणून उभा राहिला, म्हणून मी त्याला तेव्हापासून ‘कुम्पारे’ म्हणते आणि ‘तुम्ही’ करते. आमच्याकडे धर्माचं नातं रक्ताच्या नात्याहून वरचं. चौकात एखादा पाहुणा दिसला की लेओ त्याला धरून सांगणारच, “शंभर वर्षं आपण औषध शेळ्यांना घातलं आणि वास माणसांना विकला! मूर्ख आपण!”

आता लेओ आणि माझा नवरा, या दोघा भावांचं रक्त सांगते. सासऱ्यांनी नुकतीच कुठे पन्नाशी ओलांडली होती, तोडणीच्या हंगामात टोपली हातात असताना झाडाखाली पडले ते पडलेच. डॉक्टरीणबाई अत्तिना म्हणतात, हे खाण्यापिण्यावर नाही, जन्मावरच आहे. या घरातल्या पुरुषांच्या रक्तात चरबी आईच्या पोटातूनच येते. म्हणून दोघांनाही गोळ्या लिहून दिलेल्या. माझा नवरा आगोस्तिनो बिचारा रोज रात्री जेवून गोळी घ्यायचा. लेओचं मला माहीत नव्हतं. तो कोणाचं ऐकेल तर लेओ कसला!

आणि मग दोन वर्षांपूर्वी त्याने रसाचं सुरू केलं. सकाळी उपाशीपोटी एक छोटा ग्लास, आणि बघता बघता गावातल्या सगळ्या पुरुषांत तीच रीत पडली. रस काढायचा बायकोने, उभ्याने प्यायचा नवऱ्याने, एका घोटात, आणि तोंड जराही वाकडं करायचं नाही. जो तोंड वाकडं करेल त्याची चौकात दिवसभर टिंगल. स्वतःचा रस स्वतः काढणारा पुरुष आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर यांचे पाय झडतील.

गेल्या मे महिन्यात, सान लेओच्या जत्रेत, मिरवणूक झाली, बँड वाजून थांबला, आणि आमचे कुम्पारे मंचावर चढले. हातात रक्ताचा रिपोर्ट. बँडवाल्याचा माइक घेतला आणि वाचायला लागले. चरबी आधी किती होती, आता किती आहे. निम्म्याने उतरली होती, निम्म्याने!

“एकही गोळी नाही!” लेओ ओरडला. “फक्त आपला रस! माझ्या बायकोच्या हातचा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुतारीवाल्याने एक सूर फुंकला. माझी जाऊ फोर्तुनाता माझ्याशेजारीच उभी होती. लोक तिच्या पाठीवर थापा मारत होते आणि ती खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाली, मी गोळी ताटाशेजारी ठेवली, तर आगोस्तिनोने ती बोटाने बाजूला सारली.

“हे काय?”

“बंद,” तो म्हणाला. “बाप एक, आई एक, रक्त एक. लेओला जे लागू पडलं ते मला का नाही पडणार?”

“लेओने विहिरीत उडी मारली तर तूही मारशील?”

“तू सकाळी रस काढून दे. बाकीचं मी बघतो.”

“मी नाही काढणार.”

“मग फोर्तुनाताकडे जाऊन पितो. गावाला कळू दे माझी बायको कशी आहे ते.”

काढला मी रस. दात ओठ खात काढला. आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “साव्हेरिया, रस प्यायचा तर पिऊ दे थोडा, त्याने काही जणांची चरबी जराशी उतरतेही म्हणतात. पण तुमच्या घरचं रक्त रसाला ऐकणारं नाही. गोळी सोडू देऊ नकोस.”

“मग लेओची कशी उतरली? निम्म्याने?”

बाईंनी समोरचं पेन उचललं, खाली ठेवलं. “लेओचं लेओपाशी. एकाचं दुसऱ्याला मी सांगत नसते.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी रागातच उठले. मला वाटलं, डॉक्टरांकडे उत्तर नसलं की हे असंच बोलतात.

उन्हाळा गेला. मी रोज भांडले. गोळी पावात घालून पाहिली, त्याने दाताखाली आल्यावर थुंकून दिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. रक्त तपासून ये म्हटलं, तर म्हणाला, “हंगाम संपू दे.” त्याला वाटायचं आपणही पुढच्या जत्रेत मंचावर चढू. लहानपणापासून हेच. लेओने शाळा सोडली, याने सोडली. लेओने ज्याला मत दिलं त्याला याचं मत. लेओने मिशी ठेवली, याने ठेवली. पंचाहत्तरीकडे झुकलेला भाऊ अजून पुढे चालतोय आणि माझा नवरा मागे.

डिसेंबरात तोडणी चालू होती. सकाळपासून आगोस्तिनो जबडा चोळत होता. “दाढ दुखतेय,” म्हणाला. भरलेली पेटी उचलली, दोन पावलं टाकली, पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. चेहरा मेणासारखा. घाम असा, की डिसेंबरात सदरा भिजला. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाला, “साव्हेरिया, दाढ नाहीये ही.” सासरे पडले होते ते झाड तिथून चार हातांवर. त्या झाडाकडे बघून मी अशी किंचाळले की नदीपलीकडची माणसं धावत आली.

रेज्जोच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत जीव धरला त्याने. हृदयाच्या धमनीत दोन ठिकाणी जाळी बसवली. मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “वाचलेत. पण हृदयाचा एक तुकडा मेला, तो परत येणार नाही.” असं सांगितलं, जसं काही भिंतीचा गिलावा पडलाय.

लेओ तिथे ढसाढसा रडला. खोटं कशाला सांगू, मनापासून रडला. फोर्तुनाता मात्र कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली, आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही तिने.

मला वाटलं, आता तरी हा शहाणा होईल. कशाचं काय! घरी आला, जाळीसाठीच्या म्हणून दिलेल्या गोळ्या मुकाट्याने घेतल्या, आणि चरबीची गोळी परत बोटाने बाजूला.

“ही नको. हिच्यासाठी आपला रस आहे.”

“रस!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, त्या रसानेच तुला पेटीवर बसवलं ना?”

“मी उशिरा सुरू केला. लेओ दोन वर्षं पितोय. त्याच्याकडे बघ. माझ्याहून मोठा आणि पेट्या उचलतोय.”

डॉक्टरीणबाई घरी येऊन सांगून गेल्या. ही गोळी सोडलीस तर पुढच्या खेपेला रेज्जोपर्यंत पोचायचा नाहीस, असं तोंडावर सांगितलं. तो मान हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर डॉक्टरीण नव्हतीच, भाऊ होता. जिवंत, लालबुंद, पेट्या उचलणारा भाऊ. त्या पुराव्यापुढे मी काय सांगू?

तेव्हा मी ठरवलं, आता लेओलाच धरायचं. त्यानेच सांगितलं तर हा ऐकेल. लेओ त्याला रोज सकाळी आपल्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसवायचा, “माझ्या नजरेसमोर राहू दे” म्हणायचा. त्या दिवशी मी आगोस्तिनोला हाताला धरून तिथे नेलं, खुर्चीत बसवलं. म्हटलं, आधी जावेला आपल्या बाजूने करून घेऊ, दोघी मिळून बोलू. आणि मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात शिरले.

फोर्तुनाता माझ्याकडे पाठ करून उभी होती. ओट्यावर कापलेली फळं, दोन ग्लास रस, एक लेओचा, एक माझ्या नवऱ्याचा. आणि ती चमच्याच्या पाठीने बशीत काहीतरी रगडत होती. मन लावून, अगदी पीठ होईपर्यंत.

“काय ग ते?”

ती अशी दचकली की चमचा खाली पडला.

“साखर.”

“साखर? बर्गमोटात? लेओ साखर घालणाऱ्याला गावाबाहेर काढील!”

तिने बशीवर हात ठेवला. पण गोळ्यांची पट्टी फळांच्या सालींखालून डोकावत होती. तीच. हिरव्या रेघेची. माझ्या खणात न फोडलेल्या पडल्या होत्या, अगदी तीच.

मी पट्टी उचलून तिच्या नाकापुढे धरली.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” ती पुटपुटली. “तो घेत नव्हता ग. डॉक्टरीणबाई लिहून द्यायच्या, मी आणायचे, तो चुलीत टाकायचा. मग रसाचं खूळ निघालं. रस इतका कडू की त्यात काही कळत नाही. मी घालायला लागले. सासरे कसे गेले ते मी पाहिलंय, साव्हेरिया. मला विधवा व्हायचं नव्हतं.”

“आणि मला व्हायचं होतं?”

ती रडायला लागली. रडू दे! मला दया आली नाही, येणारही नव्हती.

“मला काय ठाऊक, तो मंचावर चढेल म्हणून?”

“चढला तेव्हा तू माझ्या शेजारी होतीस! आगोस्तिनोने गोळ्या सोडल्या तेव्हा तुला माहीत होतं. सबंध उन्हाळा माहीत होतं. तोडणीला माझ्या शेजारच्या झाडाला होतीस. तो पेटीवर बसला तेव्हाही तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही!”

“कसा फुटणार? सगळ्या गावासमोर त्याचं नाक कापलं गेलं असतं.”

“नाक! माझ्या नवऱ्याचं काळीज मेलं, आणि तुला नाकाची पडलीय!”

तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले. आणि मग काय म्हणाली माहितीये? आवाज खाली आणून, अगदी पाककृती सांगावी तसं म्हणाली, “असं कर ना, तू पण घाल. बारीक करायची, तळाशी राहू द्यायची नाही, चांगली ढवळायची. त्याला कळणार नाही. बघ, दोघंही वाचतील आणि कोणाला काही सांगायलाही नको.”

चमचा माझ्यापुढे केला तिने. आणि माझा हात पुढे गेला. गेला, हो. कारण गोष्ट अगदी सोपी होती. उद्या सकाळपासून आगोस्तिनोच्या पोटात गोळी. भांडण नाही, तमाशा नाही.

पण मग डोळ्यांसमोर मंच आला. यंदा एकाच्या जागी दोन भाऊ, दोन रिपोर्ट, आणि टाळ्या. आणि खाली उभी असलेली कुणाची तरी बायको, जिच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी गोळी बोटाने बाजूला सारली. आणि मी? मी बुटांकडे बघत उभी.

“उचल ती बशी,” मी म्हणाले.

“साव्हेरिया, नको ग. तुझ्या पाया पडते.”

“उचल! नाहीतर तुझ्यासकट उचलेन.”

मनगट धरून मी तिला अंगणात ओढत नेलं. एका हातात बशी तिच्या, एका हातात साध्या रसाचा ग्लास माझ्या. लेओ भावाशेजारी उभा होता, ग्लासाची वाट बघत.

“आलं का अमृत?” तो हसत म्हणाला. मग आमचे चेहरे पाहिले. “काय झालं?”

“सांग,” मी फोर्तुनाताला म्हणाले.

ती परत दाराकडे वळायला लागली.

“सांग, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर नदीपलीकडे ऐकू जाईल.”

तिने सांगितलं. बशीकडे बघत, दोन-तीन वाक्यांत. लेओला आधी समजलंच नाही. मग समजलं. कानांपासून मानेपर्यंत लाल झाला.

“तू मला विष घातलंस? माझ्या घरात, माझ्या ग्लासात?”

आणि तिथे, देवाशपथ सांगते, माझ्या त्या गरीब गायीसारख्या जावेने मान वर केली.

“विष? त्याच विषाचा रिपोर्ट मेडलासारखा गळ्यात घालून मिरवलास तू! दोन वर्षं त्याच विषावर जगतोयस! चुलीत टाकलेल्या गोळ्यांवर जगला असतास का? बापाशेजारी कबरीत असतास आत्ता, सिमेंटच्या खाली!”

मग खुर्चीतून आगोस्तिनोचा आवाज आला. आजारपणानंतर त्याचा आवाज बसलेलाच असतो.

“म्हणजे नुसता रस,” तो म्हणाला, “मी एकटाच पीत होतो.”

लेओ त्याच्याकडे वळला. “आगोस्तिनो, ऐक, रसाचाही गुण असतो. गोळीने थोडं झालं असेल, पण रसाने...”

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचं ते ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं.

“असं? मग हा घे!” मी ग्लास त्याच्या छातीपुढे धरला. “यात काही नाही. नुसता रस. आजपासून हाच पी. तुझ्या बायकोला मी स्वतः सांगते, गोळीला हात लावायचा नाही. मे महिन्यात रक्त तपास आणि वाच माइकवरून! पी! भाऊ बघतोय तुझा. पी!”

पुढे केलेला ग्लास परत करणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर मारणं. लेओने आयुष्यात कोणाचा ग्लास परत केला नव्हता. त्याने रसाकडे पाहिलं. मग भिंतीपलीकडे, बापाच्या झाडाकडे. हात अर्ध्यावर आला, आणि तिथेच थांबला. मग त्याने तो खिशात घातला.

आगोस्तिनोने ते सगळं पाहिलं. जन्मभर ज्याच्या पाठीकडे बघून चालला, त्याचा तो खिशात गेलेला हात पाहिला.

“साव्हेरिया,” तो म्हणाला, “माझी गोळी घरी आहे ना?”

“माझ्या खिशात आहे. रोज असते.”

“दे. आणि पाणी दे. हा रस नको.”

त्याने गोळी जिभेवर ठेवली, भावाकडे बघत बघत गिळली. लेओ खाली बघत होता.

नंतर डॉक्टरीणबाईंनी फोर्तुनाताला चांगली झापली. याच जातीच्या काही गोळ्या असल्या रसाबरोबर घेतल्या तर रक्तात नको तेवढ्या चढतात, स्नायू सडतात माणसाचे. तिची त्यातली नव्हती हे तिचं नशीब. मी बाईंनाही सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही लिहून देत होतात, तुम्हाला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, मला वाटायचं तो गुपचूप घेतो आणि चौकात फुशारक्या मारतो. पुरुष काय नवीन आहेत मला? आणि नियम नियम असतो. असेल. त्या नियमाचं काय करायचं ते माझं अजून ठरत नाही.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी लेओला चौकात उभं केलं. माइक नव्हता, त्याची गरजही नव्हती. मी शेजारी होते. चार वाक्यं बोलला. चौथं, रसात रोज गोळी होती हे. किती पुरुषांनी माना खाली घातल्या ते मी पाहिलं, आणि त्यांच्या बायकांनी त्यांच्याकडे कसं पाहिलं तेही. सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या जिन्यावर उभं राहायला जागा नव्हती.

आता फेब्रुवारी आहे. आमच्या बागेतली तोडणी लेओ करतो. आगोस्तिनोला पेटी उचलता येत नाही, येणारही नाही. तो खुर्चीत बसून फळं निवडतो. लेओ स्वतःची बाग उरकून येतो, वाकतो, पेटी उचलतो, कमरेवर हात ठेवून थांबतो, परत वाकतो. परवा फोर्तुनाता भिंतीपाशी येऊन म्हणाली, “त्याचंही वय झालंय ग. माफ कर आता. दमतो तो.”

“दमू दे,” मी म्हणाले. “अजून झाडांच्या तीन ओळी बाकी आहेत.”